ताटके मास्तरांचा रिकामा चौकोन

गेल्या महिन्यात माझी नात रेवा एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. ऑनलाइन मागवलेलं, गुळगुळीत कागदाचं, उचलताना माझं मनगट दुखावं इतकं जड. अमेरिकेतल्या जुन्या भुतांच्या चित्रकथा कोणीतरी हौसेनं गोळा करून पुन्हा छापल्या होत्या. "आजी, तू बघू नकोस हं, झोप लागायची नाही," असं म्हणून तिनं ते नेमकं माझ्यासमोरच ठेवलं. नव्वदी ओलांडलेल्या बाईला झोप न लागायला भुताची गरज नसते, हे तिला कोण सांगणार! मी चष्मा पुसला आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

सातव्या की आठव्या गोष्टीपाशी माझा हात थांबला. एका मोठ्या टेबलाचा खण अर्धा उघडला होता आणि त्यातून हाडांचा एक हात बाहेर येत होता. टेबलाशी पाठमोरा साहेब बसलेला. हे चित्र मी ओळखत होते. मी पाहिलं होतं तेव्हा त्यावर तेलाचे डाग होते आणि कोपऱ्याला लवंगी शेवेचा एक तुकडा चिकटलेला होता.

"अगं, हा तर आपल्या खजिन्यातल्या कारकुनाचा हात," मी म्हटलं.

रेवाला वाटलं, आजीचं काहीतरी बिनसलं. बिनसलं होतंच, पण ते आजचं नव्हे.

ताटके मास्तर आमच्या कन्याशाळेत चित्रकला शिकवायचे. मी तिथे नवी नवी लागले होते, वय बावीस, मराठी आणि भूगोल शिकवायचे. ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत झालं होतं. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, आणि फायली बिचाऱ्या वर्षातून दोनदा प्रवास करायच्या. आमचे वडील संस्थानच्या महसूल खात्यात होते. ते "सरकार" म्हणाले की महाराजांना म्हणताहेत की मंत्र्यांना, हे विचारून घ्यावं लागायचं. आता तर मध्यभारतही जाणार आणि सगळं भोपाळला नेणार, अशी बोलणी चालली होती.

शाळेतला माझा पहिला दिवस. शिक्षकांच्या खोलीत शिरले तर एक बुटकेसे गृहस्थ बाकावर उभे. काळा कोट, धोतर, आणि उजव्या हाताचा अंगठा लालभडक. मला वाटलं, लागलंय यांना. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बाई, नव्या का तुम्ही? बसा बसा. नाही, बसू नका. आधी ती भिंतीवरची जरा हटवून द्या न."

भिंतीवर पाल होती. मी छत्रीनं ती खिडकीबाहेर घालवली, तेव्हा कुठे मास्तर खाली उतरले. कोट झटकला आणि अगदी अदबीनं म्हणाले, "मी ताटके. मुली मला भुताटके म्हणतात. तुम्ही नका म्हणू."

अंगठ्याचं कोडं नंतर सुटलं. मास्तर रोज पहाटे सायकलवर भैरवगढला जायचे. तिथल्या छिप्यांना कापड छापायचे लाकडी ठप्पे लागतात. त्या ठप्प्यांसाठी वेली, फुलं, कोयऱ्या काढून द्यायचं काम मास्तरांकडे होतं. तिथल्या रंगात अंगठा कधी बुडला आणि पुन्हा कधी पांढरा झालाच नाही. सातवीच्या मुली मात्र एकमेकींना सांगत, मास्तरांनी भुताचा गळा दाबला होता, ते रक्त अजून निघत नाही.

भुतांची भानगड अशी होती. देवास गेटला मोटारींच्या अड्ड्याजवळ एक शेववाला बसायचा. त्याच्याकडे महूच्या छावणीतली रद्दी यायची. गोऱ्या अफसरांच्या काळापासून तिथे इंग्रजी मासिकं, वर्तमानपत्रं साचलेली, आणि नवीही भर पडत असावी. त्या रद्दीत रंगीत चित्रांची भुतांची चोपडी असत. शेववाला त्यांची पानं फाडून पुडे बांधी. मास्तरांनी एकदा शेव घेतली, पुडा सोडला, तर आत एक प्रेत शवपेटीतून उठून बसलेलं. मास्तर शेव विसरले. दुसऱ्या दिवसापासून ते घरून आपले कोरे कागद नेऊन शेववाल्याला द्यायचे आणि बदल्यात भुतं घेऊन यायचे. "महूची भुतं" असंच नाव पडलं होतं त्या पानांना.

आता शेववाला पानं फाडायचा ती मागून. त्यामुळे मास्तरांच्या हाती येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान गेलेलं असायचं. कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी शेवेबरोबर. इंग्रजी मास्तरांना येई ते जेमतेम, चित्रं बघत बघत ते गोष्ट जुळवत. मग भैरवगढच्या नक्षीकामाच्या बारीक निबेनं तीच गोष्ट चित्रकलेच्या वहीत नव्यानं काढत. टोपीवाला साहेब पगडीवाला होई, गिरजाघर जाऊन समाधीवरची छत्री येई, बर्फाच्या जागी क्षिप्रेचा घाट. पानावर बारा चौकोन. अकरा भरलेले आणि बारावा कोरा. शेवट त्यांनाही ठाऊक नसे, म्हणून तो ज्याचा त्यानं भरायचा. मुली चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनं शेवट काढून आणत. आवडेल ती चिठ्ठी मास्तर बाराव्या चौकोनात एक दिवस डिंकानं हलकेच टेकवत आणि दुसऱ्या दिवशी काढून घेत. चौकोन पुन्हा कोरा.

"एखादी कायमची चिकटवा की," मी एकदा म्हटलं.

"मग बाकीच्या पोरी कुठे जातील, कुमुदबाई?"

गोष्ट सांगायची ती भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. चित्रकलेचा तास मधल्या सुट्टीनंतर असे. आधी कलश आणि पिंपळपान काढून घ्यायचं, ते अभ्यासक्रमातलं. मग शेवटची वीस मिनिटं भुतांची. ढगाळ दिवस असला की गोष्ट बंद. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अंधारात तर कोणीही घाबरवेल. उन्हात घाबरवून दाखवा, तर मानलं." आणि खरंच, मे महिन्यासारख्या उन्हात पन्नास मुली एकमेकींना चिकटून बसत. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवता शिकवता थांबायची. माझ्याही वर्गातल्या मुलींचे कान तिकडेच असायचे, मग कशाला उगाच नद्या पाठ करून घ्यायच्या?

त्यांच्या भुतांचा एक स्वभाव होता. ती कोणाचा सूड घ्यायला येत नसत. "भूत कामाशिवाय येत नाही, बाई," हे मास्तरांचं ठाम मत. "काहीतरी राहून गेलं असतं बिचाऱ्याचं. कोणाला निरोप द्यायचा असतो, कोणाची वस्तू परत करायची असते. आपण बोंबलत पळून जातो आणि त्याचं काम तसंच राहतं." हे सांगणारा माणूस स्वतः पाल, झुरळ, गाय, शाळा तपासनीस आणि मोठ्या बाई, या सगळ्यांना घाबरायचा. गल्लीत गाय आडवी आली की सायकलवरून उतरून घंटी वाजवत उभा राहायचा. गाय हलेपर्यंत.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. धिप्पाड, कडक, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे काळा दोरा बांधलेला, हनुवटीवर तीळ. त्यांना मास्तरांची भुतं पसंत नव्हती, पण चित्रकलेच्या परीक्षेला आमच्या मुली दरवर्षी पहिल्या यायच्या, म्हणून त्या नाक मुरडून गप्प बसत.

मला चित्रं काढायला मास्तरांनीच शिकवलं. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ते माझ्यापुढे कागद सरकवत. "चेहरा सोडा. आधी कान काढा. माणूस कानावरून ओळखू येतं." मी निब दाबून रेघ ओढायची, आणि रेघ संपली की तिथे शाईचा एक ठिपका पडायचा. हात उचलायला मला उशीर व्हायचा. मास्तर हसायचे. "कुमुदबाई, चित्र काढून राहिल्या का निबंध? प्रत्येक रेघेला पूर्णविराम कशाला?" किती प्रयत्न केला तरी तो ठिपका गेला नाही. आजही किराण्याची यादी करताना पडतो.

त्या वर्षी नवं राज्य होणार हे पक्कं झालं आणि शाळेत याद्यांचं वारं शिरलं. आम्ही तिघंचौघं टेंपररी होतो. त्यांतल्या कोणाला कायम करायचं, याची यादी मोठ्या बाईंच्या शेऱ्यासह वर जायची होती. मास्तर अकरा वर्षं टेंपररी होते. त्यांच्याकडे मुंबईच्या चित्रकलेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून दर वेळी नाव मागे राही. या खेपेला मात्र मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं की, अनुभव धरणार आहेत, तुमचं होईल.

मास्तरांनी भैरवगढच्या कारागिराकडून शिसवीची एक पाटी कोरून आणली. 'ताटके, चित्रकला शिक्षक'. भोवती बारीक वेल, आणि वेलीत नीट पाहिलं तर एक पाल. "तिची भीती वाटते म्हणूनच घेतली," म्हणाले. "समोर दिसत राहिली की सवय होईल." चित्रकलेच्या खोलीच्या दारावर ठोकायला खिळेही आणून ठेवले होते. मी म्हटलं, ठोका की आजच. तर पाटी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि म्हणाले, "कायम होऊन जाऊ द्या. मग शानसे ठोकू." रोज मधल्या सुट्टीत कपाट उघडून ते ती एकदा बघायचे. मी पाहिलंय ते.

माझंही नाव त्याच यादीत होतं. संस्थानाबरोबर वडिलांची नोकरी आटोपली होती. भाऊ मॅट्रिकला दोनदा बसला होता. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं आणि हे सगळं मी मास्तरांना डबा खाताना सांगितलेलं होतं.

श्रावणातला सोमवार होता. महाकालाच्या दर्शनाला खेड्यापाड्यातून माणसं लोटली होती, कार्तिक चौकापासूनच रस्ता बंद. मी धक्के खात शाळेत पोहोचले ती दहा मिनिटं उशिरा. मोठ्या बाई माझ्या वर्गाच्या दारातच उभ्या. मुलींकडे बघत म्हणाल्या, "उशिरा येणाऱ्या मुली बाहेर उभ्या राहतात न? मग बाईपण राहतील." आणि मला पहिला तास संपेपर्यंत वर्गाच्या बाहेर उभं केलं. मुली आतून बघत होत्या. काही हसत होत्या. माझे कान तापले होते.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच होते. टेबलावर मास्तरांची वही उघडी होती. गोष्ट खजिन्यातल्या कारकुनाची. ती मुलींची लाडकी. ग्वाल्हेरच्या खजिन्यात एक कारकून होता, तो मेला. त्यानंतर रोज दुपारी साडेतीन वाजता त्याच्या टेबलाचा खण आपोआप उघडतो आणि एक हाडांचा हात बाहेर येऊन काहीतरी चाचपडतो. टेबलाशी बसलेला साहेब अकराही चौकोनांत पाठमोरा. हात का येतो? शेवटचं पान शेवेबरोबर गेलेलं, तेव्हा कोणालाच माहीत नाही. मुलींनी परोपरीचे शेवट आणले होते. त्याला दौत हवी आहे, त्याला चहा हवा आहे, पेन्शनच्या कागदावर सही राहिली आहे. सहावीतल्या एका मुलीनं काढलं होतं, त्याला वाटतं, कोणीतरी आपला हात हातात घ्यावा. त्या चिठ्ठीला मास्तर "एकदम बरोबर" म्हणाले होते.

मी चिठ्ठी घेतली नाही. पेन्सिलही घेतली नाही. मास्तरांचीच निब दौतीत बुडवली आणि थेट बाराव्या चौकोनात साहेबाचं तोंड वळवलं. आधी कान. मग तुटक्या काडीचा दोरा बांधलेला चष्मा, हनुवटीवरचा तीळ, बाहेर आलेली जीभ. आणि हाडांच्या हातानं धरलेला अंबाडा. चित्र छान उतरलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. शाई वाळली की वरून कागद चिकटवू असं म्हणत होते, तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.

चित्रकलेच्या तासासाठी वही न्यायला आलेल्या मुलींनी ते पान पाहिलं. मग हसणं, मग कुजबुज. आमचा शिपाई गेंदालाल हसण्याचं कारण बघायला आला आणि वही घेऊन सरळ मोठ्या बाईंकडे गेला.

शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं होतं, त्या कडाडतील. त्या कडाडल्या नाहीत. वही हातात धरून बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "मी अशी दिसते का हो?"

मला तेव्हा पहिल्यांदा त्यांचं वय दिसलं. पण ते दिसूनही मी काही केलं नाही.

"कोणी काढलं?" आता आवाज चढला. "ताटके, वही तुमची आहे. हात तुमचाच दिसून राहिला. तुम्हीच न?"

मास्तर पुढे झाले. वही डोळ्यांजवळ नेली. ते चित्र त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. आधी त्यांना हसू आल्यासारखं झालं, चित्र बरं जमलंय म्हणून असेल. मग त्यांचा लाल अंगठा एका रेघेवरून सावकाश सरकला आणि रेघ संपली तिथे थांबला. दुसऱ्या रेघेवरून सरकला आणि पुन्हा शेवटाला थांबला. त्यांना कळलं होतं. आता ते माझ्याकडे बघतील, म्हणून मी मान खाली घातली. थोड्या वेळानं वर पाहिलं, तर ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे पालही नव्हती.

"माझ्या वहीत आहे, बाई," ते म्हणाले. "माझंच समजा."

ते "माझंच आहे" म्हणाले नाहीत. "समजा" म्हणाले. मोठ्या बाईंच्या ते लक्षात आलं नाही. मला वाटलं, आता बोलावं. दोन शब्द होते, "मी काढलं". मनात म्हटलं, सगळे गेले की बाईंना एकटीला गाठून सांगू. सगळे गेले, तेव्हा म्हटलं उद्या सांगू. उद्या मोठ्या बाई रजेवर होत्या. परवा मीच डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. शनिवारी यादी गेली.

त्या आठवड्यात मास्तर माझ्याशी रोजच्यासारखे बोलले, हे सर्वांत वाईट. डब्यातली लिंबाची फोड दिली. कान कसा काढावा हेही एकदा सांगितलं. त्यांनी एक शब्द जरी लावला असता, एकदा जरी डोळे वटारले असते, तरी मी रडून मोकळी झाले असते, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. हे म्हणजे माझ्या गप्प बसण्याचा दोषही पुन्हा त्यांच्यावरच ढकलणं झालं. ते तरी आता नको.

ऑक्टोबर संपता संपता उत्तर आलं. माझ्या नावापुढे 'कायम'. ताटके मास्तरांच्या नावापुढे मोठ्या बाईंचा शेरा होता, मुलींच्या शाळेस अयोग्य. महिनाअखेर त्यांना मोकळं केलं. मुलींनी निरोपाला पिवळ्या शेवंतीचा हार आणला होता. मास्तरांनी तो कपाटाच्या कडीला अडकवला आणि फडक्यात गुंडाळलेली पाटी काढून सायकलच्या कॅरिअरवर बांधली. मी दोरी धरायला पुढे झाले नाही. खिडकीत उभी राहून वह्या तपासत होते. तपासत कसल्या, एकाच पानावर बरोबरच्या खुणा करत होते.

नवं राज्य होऊन आठवडा झाला असेल. रविवारची दुपार. आमच्या गल्लीत सायकलची घंटी वाजली आणि थांबली. मग दाराची कडी. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. फटीतून काळा कोट दिसला आणि मी सूप तिथेच टाकून आत पळाले. आईला म्हटलं, "मी घरी नाही म्हण." आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी माजघराचं दार लावून घेतलं. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं, आणि मी घाबरले होते. ते जाब विचारायला आले, अशी माझी खात्री होती.

आईनं त्यांना ओसरीवर बसवलं. दाराच्या फटीतून मला अर्धे मास्तर दिसत होते.

"कुमुद घरी नाही हो," आई म्हणाली. आईला खोटं बोलायची सवय नव्हती, आवाज वेगळाच आला.

"कोई बात नाही, आई. मी काही थांबत नाही. जरा पाणी देऊन द्या." मग वर बघून, "इथे पाल तर नाही न?"

आईनं पाणी आणि गुळाचा खडा दिला. सूप अर्धवट टाकलेलं, तांदूळ सांडलेले. मास्तरांनी ते पाहिलं. खाली वाकून सांडलेले दाणे वेचून सुपात टाकले, सगळे. मग पिशवीतून वही काढली, मोठ्या बाईंनी मोकळं करताना परत दिली असावी.

"ही त्यांना द्या. म्हणावं, शेवटचा चौकोन पुन्हा कोरा करून दिलाय. फिकर नको."

ते उठले. मी बाहेर जाऊ शकत होते. मधे एक दार होतं आणि कडी माझ्याच हातात होती. मी मागच्या खिडकीपाशी गेले. तिथून गल्लीचं तोंड दिसायचं. मास्तर सायकलवर बसले, चार हात गेले, तर समोर गाय बसलेली. ते उतरले. घंटी वाजवत उभे राहिले. गाय काही हलेना. कॅरिअरवर फडक्यातली पाटी अजून तशीच बांधलेली होती, कुठे ठोकलेली नव्हती. बऱ्याच वेळानं गाय उठली आणि मास्तर वळणावरून गेले. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.

भैरवगढ आमच्या घरापासून लांब नव्हतं. टांगा जायचा, नंतर टेंपो जायचा, मग रिक्षा. मी गेले नाही. माझं लग्न झालं, मी पुढे त्याच शाळेची मोठी बाई झाले, सत्कार झाले, शाली मिळाल्या. एकदा देवास गेटला पलंगपोस घेत होते. दुकानदारानं भैरवगढचा म्हणून एक उलगडून दाखवला. लाल वेल, वेलीत फुलं, आणि एका कोपऱ्यात वेलीआड पाल. मी विचारलं, ठप्पा कोणाच्या हातचा? तो म्हणाला, "एक मराठी मास्साब थे, बाईजी. गुजर गए. हाथ में बड़ी सफाई थी उनके." मी तो पलंगपोस घेतला. कधी अंथरला नाही.

आता पुस्तकाकडे येते. रेवाच्या त्या जाड पुस्तकात कारकुनाच्या गोष्टीला शेवटचं पान होतं. शेवेबरोबर गेलेलं पान इतक्या वर्षांनी माझ्या मांडीवर आलं. इंग्रजी मला वाचता येतं. मी वाचलं. मुळात चूक साहेबाची होती. आळ कारकुनावर आला. साहेब समोर होता आणि गप्प राहिला. कारकून त्या धसक्यानं मेला. शेवटच्या चौकोनात साहेबाचं तोंड वळलेलं आहे आणि तो हाडांचा हात त्याचं मनगट धरून त्याला खणात ओढतो आहे.

तो हात कशाला आला होता, हे मास्तरांना कधी कळलं नाही. मला मात्र कळलं. आणि खरं सांगते, मला वाटलं, मास्तर त्या रविवारी असे आले असते तर बरं झालं असतं. ते आले आणि माझे तांदूळ वेचून गेले.

मी कपाटातून पलंगपोसाच्या घडीत ठेवलेली वही काढली आणि रेवाला दाखवली. ती वेडीच झाली. "आजी, हे कोणाचं? हे तर ओरिजिनलपेक्षा भारी आहे!" बाराव्या चौकोनावर मास्तरांनी पांढरा कागद नीट कापून डकवला होता. डिंक पिवळा पडलाय, कागद पातळ झालाय. रेवानं पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि आतली मोठी बाई दिसू लागली. दोरा बांधलेला चष्मा, तीळ, जीभ, आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी एक ठिपका.

"हे झाकलेलं कोणी काढलं गं?"

"मास्तरांनी," मी म्हटलं.

विचारही न करता म्हटलं. सत्तर वर्षांपूर्वी गप्प बसले होते, या वेळी तर तोंडानं बोलले. रेवा "मस्त काढलंय" म्हणून वही ठेवून आंघोळीला गेली आणि मी पलंगाच्या काठावर बसून राहिले.

त्यानंतर ही पानं लिहायला घेतली. महिना गेला. हात कापतो, त्यामुळे ठिपके आणखी मोठे पडले आहेत. आज रविवार आहे, रेवा घरीच आहे. दुपारचं जेवण झालं की पानं तिच्या हातात द्यायची, आणि ती वाचेपर्यंत तिच्यासमोर बसून राहायचं. आत जायचं नाही, दार लावायचं नाही.